चार बोटं लाकूड

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून त्रेचाळीस झाडं होती. सगळी निलगिरीची. चौतीस सरळ, तीन उभ्या जागी वाळलेली आणि सहा कललेली. सहापैकी पाच शेतांकडे झुकली होती. सहावं, सत्तावीस नंबरचं, ओढ्याकडे गेलं होतं आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून अकरा पावलं बाहेर होता. घेर सगळ्यात कमी एकशे दहा सेंटिमीटर, सगळ्यात जास्त दोनशे साठ.

मोजणी थोरल्या सुनेनं केली होती. ते तिचंच काम होतं. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा, घेर वहीत लिहायचा, खोडावर चुन्याने नंबर घालायचा, आणि झाड आडवं झालं की लांबी मोजून ओंडक्यांच्या खुणा करायच्या. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू हेच काम बोटांनी आणि एका काठीने करायची. सासू गेली, काठी चुलीत गेली, आणि टेप सुनेच्या कमरेला आला. "आमच्या घरात मशिनी दोन, करवती तीन आणि कॅलक्युलेटर एक," असं तिचा नवरा लोकांना सांगायचा आणि तिच्याकडे बोट दाखवायचा.

घरात माणसं पाच. आबा, म्हणजे सासरे. तिचा नवरा. धाकटा दीर. ती, आणि नऊ वर्षांची मुलगी. आबांनी चाळीस वर्षं झाडं पाडली होती, पहिली वीस दोन माणसांच्या करवतीने आणि पुढची वीस मशीनने. मशीनच्या थरथरीने त्यांचे हात कामातून गेले होते. गार पाण्यात हात घातला की बोटं खडूसारखी पांढरी पडत, आणि चुलीवरचं भांडं उचललं तरी ते किती तापलंय ते त्यांना कळत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी झाड पाडायचं मशीन थोरल्याच्या हातात दिलं; ओंडके तो आधीपासूनच कापायचा. बोलणं मात्र स्वतःकडे ठेवलं.

रस्ता रुंद व्हायचा होता. पावसाआधी सगळं मोकळं हवं, असं रस्त्याच्या मुकादमाने बजावलं होतं. दिवस वाऱ्याचे होते. अकरा वाजले की शेतांवरून धुळीचे लोट उठत, आणि शेंडे हलायला लागले की आबा हात वर करून मशीन थांबवत. म्हणजे झाड पाडायला सकाळचे पाचच तास. उरलेल्या दिवसात फांद्या छाटायच्या, ओंडके करायचे, साल गोळा करायची.

सरळ झाडांवरून घरात वाद नव्हता. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खोडात आधी खाच घ्यायची. मग मागे जाऊन मागून कापत यायचं, पण खाचेपर्यंत कापायचं नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी राखायची. दार बिजागरीवर फिरतं तसं झाड त्या पट्टीवर वाकत खाली येतं, म्हणून तिला बिजागरी म्हणत. ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहिली की झाड पडता पडता गिरकी घेतं. ती किती जाड ठेवायची, एवढ्यावरच सगळं होतं.

"सरळ झाडाला दोन बोटं, कललेल्याला चार," आबा सांगत. "त्याला आधीच जायची घाई असते. घाई असलेल्याला धरायला लाकूड जास्त लागतं. चार बोटं राहिली की थांबायचं, पातं काढायचं, मागे यायचं. झाड आपलं आपण जातं."

धाकटा सहा महिन्यांपूर्वी सरकारी वर्गात दहा दिवस शिकून आला होता. येताना त्याने एक हेल्मेट आणलं, कानांवर लावायचे दोन गोळे आणले आणि एक वेगळीच रीत आणली. तेव्हापासून आबांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं.

पहिलं कललेलं झाड नऊ नंबरचं होतं. त्याच्या आदल्या दुपारी ओंडक्यांवर बसून जेवताना धाकट्याने विषय काढला.

"दादा, उद्या नऊ नंबर मी घेतो. आत घालून."

"काय आत घालून?" आबांनी विचारलं. माहीत असून विचारलं.

"पातं. आबा, कललेल्या झाडाची पाठ ताणलेली असते. आपण मागून कापत आलो की चार बोटं राहिलेली असतानाच ते निघतं. आणि चार बोटं लाकूड वाकत नाही. वाकलं नाही की चिरतं. खालून वर, उभं. मागची अर्धी फळी उसळून मागे येते. आणि मागे कोण असतं? आपण."

"आणि तुझ्या रीतीने कुठे असतो? घरी?"

"बाजूला असतो. खाच घेतली की पातं खोडाच्या पोटात आरपार घालायचं. पुढे दोनच बोटं बिजागरी ठेवायची आणि तिथून मागे कापत यायचं. पाठीला एक पट्टी राखायची, ती झाडाला धरून ठेवते. मग बाजूला उभं राहून शेवटी ती बाहेरून तोडायची. झाड एकदम जातं. चिरायला त्याला वेळच मिळत नाही."

"पोटात सुरा खुपसायचा," आबा म्हणाले. "आपण झाडं पाडतो मास्तर, बोकड नाही."

थोरल्याला हसू आलं आणि त्याच्या घशात घास अडकला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

धाकट्याने ऐकलं नाही. त्याने निलगिरीच्या दोन ओल्या काड्या घेतल्या, एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी. दोन्हींना चाकूने खाच पाडली आणि वाकवल्या. बारीक काडी खाचेवर मुकाट वाकली. जाड काडी चर्रकन उभी चिरत गेली आणि तिची ढलपी त्याच्या मनगटावर फटकन बसली.

"बघा."

"काडी आणि झाड एकच असतं," आबा म्हणाले, "तर मी दात कोरायला मशीन आणलं असतं." मग त्यांचा आवाज बदलला. "पात्याचं टोक लाकडाला लागलं की मशीन उलटं तोंडावर येतं. माझ्या डोळ्यांदेखत एकाचा खांदा गेला. ते शिकवलं का वर्गात?"

"शिकवलं. टोकाच्या खालच्या कडेने सुरुवात करायची."

"आणि हात घसरला की?"

थोरल्याने डबा बंद केला. "नऊ नंबर लहान आहे आबा. करू दे त्याला. आपण बघू."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने नऊ नंबर त्याच्या रीतीने घेतलं. पातं आत घालताना टोकाने एकदा झटका दिला, मशीन उसळलं आणि त्याच्या डाव्या हाताची बाही कोपरापासून फाटली. आत दोन इंचांचं खरचटलं. त्याने पुन्हा पातं लावलं, यावेळी ते सरळ आत गेलं. झाड बोट दाखवलेल्या जागी पडलं. बुडखा परातीसारखा साफ होता, बिजागरी दोन बोटं, चिरेचा मागमूस नाही. पण आबा बुडख्याकडे बघतच नव्हते. ते बाहीकडे बघत होते.

"आजपासून टोक लावायचं नाही," ते म्हणाले. "कुणीच."

त्या संध्याकाळी अंगणात पाय धूत असताना तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? कोण बरोबर?"

"धाकट्याचं डोकं बरोबर आहे. आबांचे हात बरोबर आहेत."

"आणि तुमचं काय?"

"माझी बायको बरोबर आहे," तो म्हणाला आणि उरलेलं पाणी तिच्या पायांवर ओतलं. "मी टोक लावलं तर ते बोलणार नाहीत काही. नुसतं जेवायचं सोडतील. पाचच झाडं राहिलीत अगं. निघून जातील."

चौदा नंबर चार बोटांवर गेलं. एकोणीस नंबरही गेलं. दोन्ही वेळा झाड कुरकुरलं, थांबलं आणि मग संथपणे शेतात आडवं झालं. दोन्ही वेळा आबांनी धाकट्याकडे एकदा बघितलं आणि तंबाखूची चंची काढली. धाकट्याने फांद्या ओढायला घेतल्या.

सत्तावीस नंबरच्या दिवशी सकाळी हवा पडलेली होती. ती चाळीस पावलांवर, सव्वीस नंबरच्या ओंडक्यांवर खुणा करत होती. मशीनचा आवाज तिला पाठ होता. खाचेचा आवाज चढउताराचा, मागच्या कापाचा लांब आणि एकसुरी. तो लांब आवाज चालू होता आणि मग तो उतरला. म्हणजे नवऱ्याने कापणं थांबवलं होतं. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, मशीन आधी थांबलं होतं. त्यानंतर कापड फाडल्यासारखा आवाज आला, खालून वर जाणारा. तिने मान वर केली तेव्हा खोड उभं दुभंगलं होतं. पुढची अर्धी बाजू शेंड्यासकट ओढ्याकडे कलत होती आणि मागची फळी, दोन माणसांच्या उंचीची, कुणीतरी लाथ मारावी तशी मागे आली.

फळी त्याच्या छातीवर बसली. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं, धाकट्याचं हेल्मेट, त्या दिवशी त्याने आग्रहाने घालायला लावलेलं. टेम्पो मोठ्या रस्त्याला लागायच्या आत तो गेला. त्याचा हात तिच्या मांडीवर होता आणि नखांत लाकडाचा भुसा होता.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. त्याने मांडीवर कागद ठेवला, वय विचारलं, वेळ विचारली, झाडाचा नंबर लिहिला.

"कारण?"

आबा दाराशी, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घेऊन बसले होते. आदल्या दिवसापासून त्यांनी पाण्यालासुद्धा तोंड लावलं नव्हतं. ते धाकट्याकडे बघत होते.

"काप वाकडा गेला," धाकटा म्हणाला. "एका बाजूला जास्त कापलं गेलं. दादाचा हात वाकडा गेला."

"वाकडा?" आबांनी विचारलं.

"हो आबा. बिजागरी एका बाजूला राहिलीच नाही. गिरकी घेतली झाडाने."

मुकादमाने लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, "कामगाराच्या हातून चूक." आबांनी दोनदा मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी चहा मागितला. चहा तिनेच करून दिला. कप त्यांच्या बोटांत नीट बसेपर्यंत तिने तो खालून धरून ठेवला.

अकरा दिवस काम बंद राहिलं. बाराव्या दिवशी मुकादमाचा निरोप आला की राहिलेली झाडं पाडा, नाहीतर दुसरी माणसं लावतो. धाकट्याने मशीन उचललं. ती टेप घेऊन निघाली. दोरीवर नवऱ्याचा कामाचा शर्ट वाळत होता. तो कुणी घालणार नव्हतं, पण धुवायचा राहिला होता म्हणून तिने धुतला होता.

सरळ झाडं भराभर निघाली. आबा पाचर मारत, शेंड्याकडे बघत, हात वर करत. पूर्वी ते दिवसभरात वीस वाक्यं बोलायचे, आता त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. ओंडके भरायला येणाऱ्या टेम्पोवाल्यालाही ते सांगत, "रीत चुकीची नव्हती. हात चुकला. माझाच मुलगा, म्हणून मी म्हणू शकतो. दोन झाडं त्याच रीतीने गेली की नाही? तिसऱ्याला त्याचा हात वाकडा गेला." टेम्पोवाला मान खाली घालून दोर आवळत राहायचा.

मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच तिने विचारलं, "आई, बाबांना सरळ कापता यायचं नाही?"

"कोण म्हणालं?"

"टेम्पोवाल्याची मुलगी. म्हणाली, तुझ्या बाबांचा हात वाकडा होता."

तिने मुलीचं दप्तर उतरवून खुंटीला लावलं. नवऱ्याने कापलेले ओंडके ती दहा वर्षं मोजत होती. त्याच्या कापाला टेप लावला तर या टोकाला आणि त्या टोकाला दोन रेघांपेक्षा, म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक कधी सापडला नव्हता. हे तिच्या वह्यांत लिहिलेलं नव्हतं, कारण जे चुकत नाही ते कुणी लिहीत नाही.

कललेली दोन झाडं उरली होती, एकतीस आणि अडतीस. त्या दुपारी आबा धाकट्याला म्हणाले, "एकतीस नंबर उद्या घेऊ. चार बोटं. त्याने जी चूक केली ती तू करू नकोस. हात सरळ ठेव, बाकी मी आहे."

"हो," धाकटा म्हणाला.

ती पलीकडे साल गोळा करत होती. सालीचा भारा तिने तिथेच टाकला.

धाकटा पडवीत मशीन मांडीवर घेऊन चेनला कानस लावत होता. प्रत्येक दाताला तीन वेळा, मग पुढचा दात. ती समोर जाऊन उभी राहिली तरी त्याने मान वर केली नाही.

"भाऊजी, उद्या चार बोटं ठेवणार तुम्ही?"

"आबांनी सांगितलंय."

"काड्या चिरून कुणी दाखवल्या होत्या?"

कानस चालू राहिली. "वहिनी, आता कुठल्या तोंडाने सांगू? रीत चुकीची म्हटलं तर दादाचा हात वाकडा नव्हता असं होतं."

"होता का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"मी बघितलं नाही." त्याने कानस खाली ठेवली. "खोड कापून मोकळं केलं तेव्हा बुडख्याकडे पाठ ठेवली. मुकादमाने विचारलं तेव्हा आबा माझ्याकडे बघत होते. तुम्ही बघितला होतात त्यांचा चेहरा? तोंडाने विचारत नव्हते, पण विचारत होते. काहीतरी द्यायला हवं होतं त्यांना. आणि दादाला काय, तो तर..."

"दादाला काय," ती म्हणाली.

"तसं नाही म्हणायचं मला."

"मुलगी शाळेतून ऐकून आली आज. तिला फरक पडतो. मला पडतो." तिने मशीनच्या पात्याकडे बघितलं. "आणि उद्या सकाळी तुम्हाला पडेल."

अंगणात कोंबड्या सालीचा भुसा उकरत होत्या. "खरंच वाकडा गेला असेल तर?" धाकटा म्हणाला. "कुणाचाही जातो. चौदा आणि एकोणीस निघालीच की."

"मग तसं दिसेल. बुडखा आहे अजून."

"उद्या दुपारी बुडखे उपटायला पोकलेन येतोय."

"म्हणून सकाळी जाते."

"आबांना सांगू नका."

आबांना न सांगता बिजागरीचा आकडा काय कामाचा, हेच तिला ठरवता येत नव्हतं. एकतीस नंबरवर चार बोटं ठेवायची की दोन, हे आबाच सांगणार होते. आणि आबांना तो आकडा दिला, तर चहाचा कप पुन्हा कुणी कितीही धरला तरी तो त्यांच्या घशाखाली उतरणार होता की नाही, तेही तिला माहीत नव्हतं. तिने पिठाचा डबा काढला आणि भाकऱ्या थापायला बसली. दोन भाकऱ्या जास्त झाल्या. इतके दिवस झाले तरी हाताची सवय गेली नव्हती.

सकाळी ती टेप कमरेला लावून निघाली तेव्हा आबा ओट्यावर बसून हात एकमेकांवर चोळत होते.

"टेप कशाला? ओंडके कालच मोजलेस."

खोटं बोलायला सोपं होतं. एकतीस नंबरचा घेर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"सत्तावीस नंबरची बिजागरी मोजायची आहे, आबा."

आबांनी हात चोळायचे थांबवले. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते उठले, चपला घातल्या, आणि चष्मा खिडकीतच राहिला तरी परत आत गेले नाहीत. धाकटा मशीन खांद्यावर घेऊन मागून निघाला. तिघंही रस्त्याच्या कडेने चालले. एकामागून एक बुडखे मागे पडत होते, त्यांच्यावर चुन्याचे आकडे अजून दिसत होते.

"पोरी," आबा मध्येच म्हणाले, "एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड निघाली, तर त्याचा हात चुकला."

"हो आबा."

"सगळीकडे सारखी निघाली, चार बोटं..." ते चालत राहिले. वीसेक पावलं गेल्यावर म्हणाले, "तर मग नाही चुकला."

सत्तावीस नंबरच्या बुडख्यावर वाऱ्याने धूळ आणि वाळकी पानं आणून टाकली होती. कडेने डिंक पाझरून घट्ट झाला होता, त्यात मुंग्या अडकल्या होत्या. तिने पदराने धूळ झटकली. पुढची खाच गुळगुळीत होती. मागचा काप गुळगुळीत होता, त्यावर चेनच्या बारीक कमानी एकसारख्या उमटल्या होत्या. दोन्हींच्या मध्ये, या कडेपासून त्या कडेपर्यंत, न कापलेल्या लाकडाची पट्टी होती, जुन्या सुतळीसारखी फाटलेली, तंतू वर आलेले.

आबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी उजव्या हाताची बोटं पट्टीच्या डाव्या टोकाला टेकवली आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेली. सकाळच्या गारव्याने बोटं पेरांपर्यंत पांढरी झाली होती. एक कुसळ नखाखाली शिरलं आणि रक्त आलं, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर ते म्हणाले, "मला काहीच कळत नाही."

मग त्यांनी तोच हात जुळवून तिच्यासमोर धरला. चार बोटं, अंगठा बाजूला. "आधी हे मोज. माप हे होतं. त्याला मी याच हाताने शिकवलं होतं."

तिने टेप बोटांवर आडवा धरला. सात सेंटिमीटर आणि चार रेघा. तिने आकडा मोठ्याने सांगितला आणि आबांनी तो ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटला.

"आता ते मोज."

तिने पट्टीच्या डाव्या कडेला टेप लावला. आबांचे डोळे टेपवर होते, पण चष्म्याशिवाय त्यांना त्यावर पिवळ्या रंगापलीकडे काही दिसत नव्हतं, हे तिला माहीत होतं. ती म्हणेल तोच आकडा होणार होता. दुपारी पोकलेन येणार होता आणि नंतर कुणाला पुन्हा मोजता येणार नव्हतं. रस्त्यापलीकडे, चार नंबर पुढे, एकतीस नंबरच्या बुंध्याशी जाऊन धाकट्याने मशीन जमिनीवर ठेवलं होतं. त्याने ते सुरू केलं नव्हतं. तो इकडे बघत उभा होता.

तिने मध्ये टेप लावला. मग उजव्या कडेला. मग सवयीने पुन्हा एकदा तीनही ठिकाणी, कारण एकदा मोजलेलं ती कधी धरत नसे.

"वाच," आबा म्हणाले.

"डावीकडे साडेसात," ती म्हणाली. "मध्ये सात आणि तीन रेघा. उजवीकडे सात आणि चार रेघा."